माथ्यावरचा वारसा

(द्वितीय वर्ष, कला)

कुणाला वाडवडिलांकडून जमीन मिळते, कुणाला वाडा, कुणाला निदान एखादे तांब्याचे घंगाळ. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट चालत आली आहे. तिची सातबाऱ्यावर नोंद नाही, तिच्यावरून भावाभावांत कधी भांडण झाले नाही, आणि नको म्हटले तरी ती घ्यावीच लागते. ती म्हणजे डोक्यावरचे आवाळू!

हसू नका. खरे तर हा शब्दच असा आहे की ऐकताना आवळा आठवतो आणि हसू येते. माझ्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, टाळूवरचे आवाळू खरोखरच आवळ्याएवढे होते. टणक, गुळगुळीत, वरची कातडी ताणून चकचकीत झालेली आणि तेवढ्या जागेवरचे केस विरळ. दुसरी गाठ उजव्या कानामागे, बोराएवढी. आजोबांना चार होत्या म्हणे. आजोबांना मी पाहिलेले नाही, त्यांचा फोटोही घरात नाही. त्यांचे वर्णन करायची वेळ आली की आजी स्वतःच्या डोक्यावर चार ठिकाणी बोट टेकवते आणि म्हणते, "असं व्हतं त्यांचं." तेच आमच्या घरातले आजोबांचे छायाचित्र. थोरल्या आत्याला तीन गाठी आहेत. धाकट्या काकांना मात्र एकही नाही.

दाखल्यावर आमचे आडनाव वेगळे आहे, पण गावात कुणी आमचा पत्ता विचारला तर "टेंगळ्यांचं घर का?" असा उलट प्रश्न यायचा. शाळेत असताना या नावाचा मला फार राग येई. आता येत नाही. नावे ठेवणाऱ्यांनी निदान निरीक्षण तरी बरोबर केले होते!

आबा तालुक्याच्या मार्केट यार्डात हमाल आहेत. १९६९ साली आपल्या राज्याने हमालांसाठी जो कायदा केला त्याच्या नावातच 'माथाडी' हा शब्द आहे. माथ्यावर ओझे वाहतो तो माथाडी. अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी हा कायदा शिकवला तेव्हा सगळ्यांनी वहीत साल उतरवून घेतले. मी मात्र आबांचा माथा आठवत बसले. ज्या माथ्यावर आधीच एक गाठ आहे, त्याने पोते ठेवायचे कुठे?

याचे उत्तर आबांनी स्वतःच शोधले होते. बाकीचे हमाल डोक्यावर बारदानाची घडी टाकतात. आबा जुन्या धोतराच्या पट्टीची चुंबळ वळायचे. पाण्याला जाणाऱ्या बायका वळतात तशीच, फक्त मधले भोक मोठे ठेवून. आवाळू त्या भोकात बरोबर बसे आणि ५० किलोचे पोते भोवतीच्या वेढ्यावर तोलले जाई. ती चुंबळ त्यांनी कधी कुणाला वापरायला दिली नाही. संध्याकाळी रिकाम्या डब्याबरोबर तीही पिशवीतून घरी यायची. आई ती धुऊन दोरीवर वाळत घालायची. लहानपणी मला वाटे, सगळ्यांच्याच वडिलांची चुंबळ असते, जशी सगळ्यांचीच टोपी असते.

रविवारी यार्ड बंद. त्या दिवशी आबा मला पुढ्यात घेऊन बसायचे आणि डोक्याला तेल लावायचे. आईला धुण्याभांड्यातून सवड नसे, आणि आबांना ते काम आवडायचे. पोत्यांनी घट्टे पडलेली त्यांची बोटे माझ्या डोक्यावरून हळूहळू फिरत. कपाळापासून मागे, मग कानांच्या मागून, मग मानेवर. एकही जागा सुटायची नाही. सगळे डोके फिरून झाले की ते टाळूवर हलकीच थाप मारत आणि म्हणत, "साफ हाय!" मला वाटायचे, उवांबद्दल म्हणतात. माझ्या मैत्रिणींचे वडील त्यांच्या डोक्याला तेल लावत नसत. म्हणून मी वर्गात ही गोष्ट मोठ्या ऐटीत सांगायची.

आबांची बोटे माझ्या डोक्यावर काय शोधत होती, ते मला फार उशिरा कळले. सांगितले आत्याने.

आत्या अठरा वर्षांची असताना तिला पाहायला पाहुणे आले होते. त्या काळी मुलीला चालवून बघत, वाचायला लावत आणि केस किती लांब आहेत तेही बघत. मुलाच्या मावशीने आत्याचा अंबाडा सोडला. केस कमरेखाली आले. मावशी खूश झाली आणि कौतुकाने तिच्या डोक्यावरून हात फिरवू लागली. हात मध्येच थांबला. मावशीने केस बाजूला सारून पाहिले, आणि दुसऱ्या बायकांना जवळ बोलावून दाखवले. बैठकीत चहा तसाच राहिला. पाहुणे उठून गेले. जाताना कुणीतरी म्हणाले, "रोग लपवून पोरगी खपवाया निघाल्यात." आबा तेव्हा बारा वर्षांचे होते. ते दारात पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभे होते.

पुढे दोन वर्षांनी आत्याचे लग्न एका बिजवराशी झाले. आत्याने संसार नेटका केला. पण आजही ती डोक्यावरचा पदर खाली पडू देत नाही, घरात एकटी असतानासुद्धा!

हे ऐकल्यावर माझ्या रविवारांचा अर्थच बदलला. "साफ हाय" या दोन शब्दांमागे पोह्यांच्या ताटल्या घेऊन उभा असलेला तो बारा वर्षांचा मुलगा होता.

आबांनी एकदा हे ओझे उतरवायचा प्रयत्न केलाही होता. मी सातवीत असताना, म्हणजे २०१८ साली, शेजारच्या गावातल्या एका जाणकार म्हणवणाऱ्या माणसाकडे ते गेले. त्याने दाढीच्या पात्याने वरून चीर दिली, आतले पांढरे दाबून दाबून काढले, जखमेत हळद भरली आणि पैसे घेतले. आबा डोक्याला फडके बांधून घरी आले ते हसतच. चार दिवस तापात पडले, पण गाठ सपाट झाली होती. आजीने देवापुढे नारळ फोडला. दीड वर्षात त्याच जागी गाठ पुन्हा आली, आणि पहिल्यापेक्षा मोठी! आजी म्हणाली, "ही घराण्याची खूण हाय. बापाची आठवण. ती कापून जायची न्हाई." आबांनी मोठ्या भोकाची चुंबळ पुन्हा वळली. मग घरात तो विषय कुणी काढला नाही.

मी नववीत गेल्यावर आबांनी माझ्या डोक्याला तेल लावणे थांबवले. मुलगी मोठी झाली, एवढेच कारण. शेवटच्या रविवारीही त्यांनी "साफ हाय" म्हटले होते.

आणि ते खोटे नव्हते. ते झाले पुढे. २०२४ च्या मार्चमध्ये, प्रथम वर्षाची परीक्षा तोंडावर असताना, वेणी घालता घालता माझ्या बोटांना काहीतरी लागले. डाव्या बाजूला, कानाच्या वर. हरभऱ्याएवढे. दाबले तरी दुखत नव्हते, बोटाखाली किंचित सरकत होते. मी आरशासमोर किती वेळ उभी होते कुणास ठाऊक! त्या रात्री पुस्तक उघडे होते, पण डोळ्यांपुढे अक्षरांऐवजी आत्याचा अंबाडा होता. दुसऱ्या दिवसापासून मी वेणी डाव्या बाजूने सैल घालू लागले. झाकण्याची कला आमच्या घरात शिकवावी लागत नाही.

कॉलेजात येणारी मी आमच्या घरातली पहिलीच. आबा चौथीपर्यंत शिकले, आईने शाळा पाहिली नाही. त्यामुळे काही अडले तर घरात विचारायची सोय नव्हती. मी धीर करून शास्त्र शाखेच्या जीवशास्त्राच्या सरांकडे गेले. "एका मैत्रिणीला अशी गाठ आहे," असे सांगितले. सरांनी मैत्रिणीचे नाव विचारले नाही. खडू घेतला आणि रिकाम्या वर्गातल्या फळ्यावर एक केस काढला.

प्रत्येक केस कातडीतल्या एका नळीतून वर येतो. त्या नळीला आतून पेशींचे अस्तर असते. त्याच अस्तराच्या पेशींची कधीकधी एक बंद पिशवी तयार होते. तिच्या भिंतीतून केरॅटिन नावाचा पदार्थ आत सुटत राहतो. आपली नखे, केस, जनावरांची शिंगे ज्याची बनलेली असतात तोच हा पदार्थ. बाहेर पडायला वाट नाही, म्हणून तो आतल्या आत साचतो आणि गाठ वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. लोक तिला चरबीची गाठ म्हणतात, पण तिच्यात चरबी साठलेली नसते. इंग्रजीत तिला पायलर सिस्ट किंवा ट्रायकिलेमल सिस्ट म्हणतात. अशा दहा गाठींतल्या नऊ तरी डोक्यावरच येतात, आणि पुरुषांपेक्षा बायकांत जास्त. ती संसर्गाने पसरत नाही. ती कर्करोग नव्हे. क्वचितच एखादी वेडीवाकडी वाढते, म्हणून काढलेली गाठ तपासून घेतात.

"आणि सर, ती घराण्यात चालत येते का?"

"येते ना. पुष्कळ घराण्यांत येते. आईवडिलांपैकी एकाकडे तो दोष असला तरी पुरे. मग प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. नाणे उडवल्यासारखे." सर पुढे म्हणाले की २०१९ साली संशोधकांनी तिसऱ्या गुणसूत्रावरच्या एका जनुकातला बदल यामागे असल्याचे दाखवले. त्या जनुकाचे नाव पीएलसीडी-१. जन्मतः आलेला बदल एकटा गाठ करत नाही. पुढे केसाच्या मुळाशी एखाद्या पेशीत त्याच जनुकात आणखी एक बदल घडला की तिथे गाठ धरते. म्हणून त्या जन्मतः दिसत नाहीत, मागाहून येतात, आणि डोक्यावर कुठेही येतात.

मी वसतिगृहात परत आले तेव्हा मन हलके झाले होते. नाणे उडाले होते. काकांचे छापा पडले, आत्याचे आणि आबांचे काटा. आजोबांचा शाप नव्हता, आजीचा नवस चुकला नव्हता, आत्याचा तर काहीच दोष नव्हता. त्या मावशीला हे कुणीतरी फळ्यावर काढून दाखवायला हवे होते!

पण कळले म्हणून सांगवले असे नाही. घरी मी काही बोलले नाही.

२०२४ च्या ऑक्टोबरात सोयाबीनची आवक जोरात असताना एका पोत्याचा तोल गेला आणि ते आबांच्या टाळूवर आदळले. गाठ आतल्या आत फुटली. दोन दिवसांत डोके लाल झाले, डोळ्यावर सूज आली, अंगात ताप. निरोप आला तशी मी गावी गेले आणि आबांना तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात नेले. तिथल्या सर्जन मॅडमनी डोके पाहिले, जुना व्रण पाहिला आणि विचारले, "मामा, ही आधी कुणी कापली होती?"

आबांनी मान खाली घातली.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आतला माल काढला, पिशवी तशीच ठेवली. पिशवी राहिली की ती पुन्हा भरणारच. घागर उपडी केली म्हणून झरा आटतो का?" लगेच शस्त्रक्रिया मात्र त्यांनी केली नाही. सुजलेली गाठ नीट सुटी होत नाही, फाटते, असे सांगून आधी गोळ्या दिल्या आणि सूज पूर्ण उतरल्यावर डिसेंबरात बोलावले.

डिसेंबर येईपर्यंत आबांचे मन फिरले. "आता दुखत न्हाई. कशापायी कापायचं? धा दिस घरात बसलो तर रोज कोण देईल?" आजी त्यांच्या बाजूला. आई गप्प. मी पहिल्यांदाच आबांशी आवाज चढवून बोलले. काय बोलले ते इथे लिहीत नाही. आबा शेवटी म्हणाले, "चल बाय. तू शिकलीस, तुझं ऐकतो."

रुग्णालयात आमचा नंबर यायला तीन तास लागले. आबांचे हात थंड पडले होते. त्यांचे लक्ष दुसरीकडे वळावे म्हणून मी त्यांना इंग्लंडच्या राजाची गोष्ट सांगितली. इतिहास माझा आवडीचा विषय. चौथा जॉर्ज राजा १८२० साली गादीवर आला. त्याच्याही डोक्यावर अशीच गाठ होती. ॲस्टली कूपर नावाच्या नामांकित सर्जनने ती कापून काढली. तेव्हा भूल नव्हती. ईथरची भूल लोकांपुढे यशस्वी झाली ती १८४६ साली. जंतूंचेही ज्ञान नव्हते. जखम चिघळली तर राजा दगावेल, या चिंतेने कूपर धास्तावला होता. पण राजा बरा झाला आणि १८२१ साली त्याने कूपरला बॅरोनेट ही पदवी दिली.

आबांनी सगळे नीट ऐकून घेतले. मग विचारले, "राजाला बी व्हतं?"

"होय."

"मग त्यो कुठं पोती उचलत व्हता?"

शेजारच्या बाकावरचे म्हातारबाबा खो खो हसले. आबाही हसले. थोड्या वेळाने हळूच म्हणाले, "म्हंजी हे हमालाचं दुखणं न्हाई तर!" इतकी वर्षे ते असेच समजत होते, की आपल्या वडिलांनी ओझी वाहिली म्हणून त्यांना गाठी आल्या, आणि आपण वाहिली म्हणून आपल्याला.

परिचारिकेने संमतीपत्र आणून दिले. आबांनी खिशातून पेन काढले तशी मी म्हणाले, "थांबा, आधी वाचते." मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत ते त्यांना मोठ्याने वाचून दाखवले. रक्तस्राव होऊ शकतो, जखमेत पू होऊ शकतो, गाठ पुन्हा येऊ शकते, व्रणावर केस येणार नाहीत. आबांनी सावकाश एकेक अक्षर काढत सही केली. खाली नातेवाइकाची सही होती. ती मी केली. आमच्या घरातून आजवर कितीतरी कागदांवर अंगठे आणि सह्या गेल्या असतील. पण वाचून केलेली बहुधा ही पहिलीच.

मॅडमनी केसपेपर भरता भरता विचारले, "घरात आणखी कुणाला आहे?"

आबा म्हणाले, "माझ्या बाला व्हतं. थोरल्या भनीला हाय." मग माझ्याकडे बोट करून म्हणाले, "हिला न्हाई. लहानपणापासनं मी बघत आलोय. माझ्यापाशी थांबलं ते."

हे म्हणताना त्यांचा चेहरा इतका उजळला होता की माझ्या घशातून शब्द फुटला नाही. मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घातली. केसपेपरवर ते तसेच लिहिले गेले.

शस्त्रक्रियेच्या खोलीत मला जाता आले नाही. आत काय झाले ते आबांनी आणि मॅडमनी नंतर सांगितले. पूर्ण हजामत करावी लागली नाही; गाठीभोवतीचे तेवढेच केस काढले. मग त्या जागी लिग्नोकेनचे इंजेक्शन दिले. हे औषध १९४३ साली स्वीडनमध्ये तयार झाले. राजाच्या वाट्याला ते आले नव्हते, आमच्या हमालाच्या वाट्याला आले! डोक्याच्या कातडीला रक्तपुरवठा फार, म्हणून रक्त आवळणारे औषधही त्यात मिसळतात. सुई टोचताना आबांना झोंबले. पुढे नुसते ओढल्यासारखे, दाबल्यासारखे कळत होते, पण दुखत नव्हते.

आधी कानामागची गाठ काढली. कातडीवर लहानशी चीर दिली, बोथट कात्रीने कडेने सोडवत नेले, दोन्ही बाजूंनी अंगठ्यांनी दाबले आणि शेंगेतून दाणा सुटावा तशी गाठ अख्खी बाहेर आली. दहा मिनिटांचे काम. टाळूवरच्या गाठीला मात्र तासाहून अधिक लागला. पात्याची जुनी चीर आणि ऑक्टोबरातली सूज, यांमुळे पिशवी आजूबाजूला चिकटली होती. ती कणाकणाने सोडवावी लागली. एक तुकडासुद्धा मागे राहून चालणार नव्हते. एका माणसाने अर्धवट केलेले काम दुसऱ्याला किती महागात पडते, ते बाहेरच्या बाकावर बसून मी घड्याळाकडे बघत शिकत होते.

दार उघडले. परिचारिका किडनीच्या आकाराचा ट्रे घेऊन बाहेर आली. नातेवाइकांना दाखवायची पद्धत आहे. ट्रेमध्ये कापसावर दोन गाठी होत्या. लहान गाठ पांढरी, गोल, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी तुकतुकीत. मोठी गाठ वेडीवाकडी, रक्ताळलेली, जुन्या व्रणाच्या कातडीसकट. मी बघतच राहिले. चार पिढ्यांनी जिला नाव दिले, जिच्यासाठी नारळ फोडला, जिच्यामुळे आत्याचा चहा थंड झाला, ती एवढीशी वस्तू! माझा हात नकळत डाव्या कानाच्या वर गेला.

गाठी औषधाच्या बाटलीत घालून तपासणीला पाठवल्या. बाटलीवरच्या चिठ्ठीवर नाव, वय, तारीख मी माझ्या अक्षरात लिहिली. आबा डोक्याला पांढरे पागोटे बांधल्यासारखे बँडेज बांधून बाहेर आले. पहिला प्रश्न विचारला तो असा : "संमदी पिशवी निघाली का?"

"सगळी निघाली, आबा."

दहाव्या दिवशी टाके काढायला गेलो. तपासणीचा अहवालही आला होता. साधी गाठ, काळजीचे कारण नाही. आबांनी तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. मग आम्ही एस. टी. स्टँडवरच्या हॉटेलात चहा घ्यायला बसलो. आबा आज फार खुशीत होते. आपल्या टाळूवरून पुन्हा पुन्हा हात फिरवत होते. म्हणाले, "हलकं वाटतंय बघ. आता तुझ्या लग्नात फेटा बांधीन, सरळ बसंल."

त्या क्षणी मला राहवले नाही. मी वेणी पुढे घेतली, त्यांचा उजवा हात धरला आणि त्यांचे बोट माझ्या कानाच्या वर टेकवले.

बोटाला कळायला वेळ लागला नाही. त्याला जन्मभराची सवय होती. ते एकदा त्या गाठीभोवती गोल फिरले आणि थांबले. समोरच्या चहावर साय धरली. आत्याच्या गोष्टीतला तो चहा मला आठवला आणि मी खाली बघत राहिले.

"कवापासनं?"

"मार्चपासून."

"मंग त्या दिशी बोलली का न्हाईस?"

"तुम्ही म्हणालात, तुमच्यापाशी थांबलं."

आबा बराच वेळ काही बोलले नाहीत. बाहेर गाड्या लागत होत्या, सुटत होत्या. मग त्यांनी माझी बशी आपल्याकडे ओढली, तिच्यात चहा ओतला, फुंकर घालून माझ्यापुढे ठेवली, जशी मी लहान असताना ठेवायचे. म्हणाले, "दुखतंय का?"

"नाही."

"कुणाकडनं पात्यानं कापून घेऊ नकोस."

एवढेच बोलले. परत रुग्णालयात गेलो. मॅडमनी माझे डोके तपासले. म्हणाल्या, "लहान आहे, त्रास नाही, तर घाई नको. वाढली, दुखायला लागली किंवा तुला नकोशी वाटली तर ये. वीस मिनिटांचे काम." आणि केसपेपरवर आधीची ओळ खोडून नवी लिहिली. मला वाटले होते, गाठ काढून टाकल्याशिवाय सुटका नाही. पण सुटका झाली होती ती ओळ खोडली गेली तेव्हा, आणि गाठ तर अजून जागेवरच आहे.

हा लेख वार्षिकासाठी द्यायचा की नाही यावर घरात दोन मते पडली. आई म्हणाली, "पोरीच्या जातीनं असलं छापून आणू नये. उद्या पावणं बघायला यायचं." आजी आईच्या बाजूने. आबा गप्प. आत्या त्या दिवशी आमच्याकडे आली होती. पदर सावरत ती चुलीपाशी बसली होती. तिथूनच म्हणाली, "छाप गं. मी झाकलं, त्यानं माझं काय भलं झालं?"

मग कुणी काही बोलले नाही. आत्याच्या तीन गाठी अजून आहेत. पण मार्चमध्ये ती रुग्णालयात यायचे म्हणते आहे. मोठी हजामत करत नाहीत हे तिला मी चार वेळा सांगितले, आबांनी डोके वाकवून दाखवले, तेव्हा कुठे तिचा विश्वास बसला.

आबा पुन्हा यार्डात जातात. चुंबळ अजून तशीच वळतात, मधले भोक मोठे ठेवून. विचारले तर म्हणतात, "हाताला सवय झाली." काल रात्री मी हा सगळा लेख त्यांना वाचून दाखवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला. राजाची गोष्ट आली तिथे हसले. शेवटी म्हणाले, "बरं लिवलंस. पण एक राहिलं. माझा धा दिसांचा रोज बुडाला, ते बी लिही."

लिहिले, आबा.